पुढच्या वर्षी बघू



कोलगेट म्हटलं की आपल्याला टूथपेस्टच आठवते. मी राहते त्या सिरॅक्यूजपासून तासाभराच्या ड्राइव्हवर हॅमिल्टन नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे कोलगेट युनिव्हर्सिटी आहे. हो, त्याच घराण्याची. १८१९ साली १३ जणांनी १३ डॉलर आणि १३ प्रार्थनांच्या बळावर ही संस्था काढली, अशी तिथली आवडती कथा. पुढे साबणवाल्या कोलगेट कुटुंबाने भरपूर मदत केली आणि १८९० मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. मुलींना प्रवेश मात्र १९७० पासून.

आता माझा आणि आइस हॉकीचा संबंध काय? काही नाही. हॉकी म्हणजे ध्यानचंद, हिरवं मैदान आणि दूरदर्शनवर पाहिलेली ऑलिंपिक्स, एवढंच माझं ज्ञान. पण माझी लेक आता सात वर्षांची आहे आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या नादाने तिला पकच्या मागे धावायचं वेड लागलंय. त्यामुळे गेले दोन हिवाळे मी शनिवारी पहाटे साडेपाचला उठून तिला रिंकवर नेते. इतक्या पहाटे का? कारण रिंकवर सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे बर्फाचा तास. बर्फ एकच, तो सतत गार ठेवायचा, दर थोड्या वेळाने झांबोनी फिरवून गुळगुळीत करायचा, आणि त्याच बर्फावर गावातल्या सगळ्यांना खेळायचं असतं. सोयीचा तास कुणाला मिळतो ते बघा, म्हणजे त्या गावात कुणाचं चालतं ते कळतं.

तिथेच नातीला घेऊन येणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, "कोलगेटची केस माहीत आहे का?" माहीत नव्हती. घरी येऊन शोधली आणि कोर्टाचा निकाल वाचायला बसले. आपल्याला रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचायची सवय, त्यामुळे कंटाळा आला नाही. उलट रात्री दोनपर्यंत जागले.

थोडी पार्श्वभूमी. जून १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातल्या नवव्या भागात, म्हणजे 'टायटल नाइन'मध्ये, एक वाक्य होतं: केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक कार्यक्रमात कुणालाही लिंगावरून वगळता किंवा डावलता येणार नाही. मूळ इंग्रजीत फक्त ३७ शब्द. हवाईच्या पॅट्सी मिंक, ओरेगॉनच्या ईडिथ ग्रीन आणि इंडियानाचे बर्च बाय, ही मंडळी त्यामागे होती. त्या वाक्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. डोळ्यांसमोर होते ते प्रवेश आणि नोकऱ्या. पण कॉलेजमधला खेळ हाही शैक्षणिक कार्यक्रमच, हे लवकरच लक्षात आलं आणि मग खरी मारामारी सुरू झाली.

कोलगेटच्या मुलींनी सत्तरच्या दशकातच आइस हॉकीचा क्लब सुरू केला होता. इथे क्लब आणि वर्सिटी ह्यातला फरक सांगायला हवा. वर्सिटी म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम: कोच, साहित्य, प्रवास सगळं कॉलेजच्या खर्चाने. क्लब म्हणजे हौशी मामला. मुलींनी वर्सिटीचा दर्जा मागितला १९७९ मध्ये. नकार. पुन्हा मागितला १९८३ मध्ये. नकार. १९८६, नकार. १९८८, नकार.

ही वर्षं नीट बघा. १९७९ मध्ये पहिल्या वर्षाला असलेली मुलगी १९८३ मध्ये पदवी घेऊन बाहेर. म्हणजे जवळपास प्रत्येक अर्ज नव्या बॅचचा. आधीच्या अर्जाच्या वेळी कोण काय बोललं, कुणी काय आश्वासन दिलं, हे सांगायला आधीची मुलगीच नाही. कॉलेजची समिती मात्र तिथेच, फायली तिथेच.

मला इथे आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवलं. महाराष्ट्रातलंच, नाव सांगत नाही. बास्केटबॉलचं कोर्ट एकच. मुलं सात वाजेपर्यंत खेळायची आणि मुलींना हॉस्टेलवर हजेरीसाठी आठला पोचायचं असायचं. त्यात दिव्यांपैकी निम्मे बंद. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना जिमखान्याकडे अर्ज दिला: आठवड्यातून दोन दिवस पाच ते सहा आम्हाला द्या. सर चांगले होते, कधी ओरडले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." तिसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. शेवटच्या वर्षी आम्ही कॅम्पस इंटरव्ह्यूच्या मागे लागलो आणि अर्ज द्यायचाच राहिला. आमच्यानंतर कोर्ट कुणाला मिळालं, मला माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही मी. असो.

कोलगेटच्या पाच मुलींनी १९९० मध्ये कोर्टाची पायरी चढली. नेमकं त्याच वर्षी पुरुषांची टीम राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फायनलला पोचली होती (विस्कॉन्सिनकडून ७-३ अशी हरली). म्हणजे हॅमिल्टन गावात हॉकीचा उत्सव चालू असताना हा दावा. लोकांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

कोर्टात आकडे निघाले. १९९०-९१ मध्ये पुरुषांच्या हॉकीवर खर्च २,३८,५६१ डॉलर. मुलींच्या क्लबला ४,६०० डॉलर. म्हणजे जवळपास ५२ पट. साहित्य, कपडे बदलायची खोली, प्रवास, सरावाच्या वेळा, कोच, ह्या प्रत्येक बाबतीत तुलना झाली आणि प्रत्येक ठिकाणी चित्र तेच.

कॉलेजची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं: बायकांची आइस हॉकी शाळांमध्ये फारशी खेळली जात नाही. पूर्वेकडची पंधराएक कॉलेजंच ती खेळतात. राष्ट्रीय पातळीवर कॉलेजांची अजिंक्यपद स्पर्धा नाही. खेळ महाग आहे. विद्यार्थ्यांना फारसा रस नाही. आणि ह्या मुलींना खेळ तितका चांगला येत नाही.

प्रामाणिकपणे सांगते, ह्यातली पहिली तीन कारणं त्या काळी खरीच होती, आणि रिंक चालवणं महाग असतं हे तर मी दर महिन्याला फी भरताना अनुभवते. पण प्रत्येक कॉलेज दुसऱ्या कॉलेजकडे बोट दाखवून थांबलं तर पंधराची सोळा कॉलेजं कधी व्हायची? शेवटचं कारण वाचून मात्र डोकं फिरलं. कोच धड नाही, वेळ धड नाही, आणि वर म्हणायचं की यांना येत नाही. पोराला पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि पोहता येत नाही म्हणून नापास करायचं, त्यातला प्रकार.

ह्या सगळ्यात कायद्याची वाटही सरळ नव्हती. १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या विशिष्ट कार्यक्रमाला सरकारी पैसा मिळतो तेवढ्यालाच टायटल नाइन लागू. खेळ विभागांना थेट सरकारी पैसा क्वचितच मिळायचा, त्यामुळे ते सुटले. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने रेगन यांचा व्हेटो झुगारून नवा कायदा केला आणि मग पुन्हा संपूर्ण संस्थेला नियम लागू झाला. म्हणजे १९८६ मध्ये अर्ज देणाऱ्या मुलींच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. १९९० वाल्यांच्या हातात होतं.

१९९२ मध्ये न्यायाधीश डेव्हिड हर्ड यांनी निकाल दिला. कॉलेजची कारणं त्यांनी मानली नाहीत. आदेश असा: १९९३-९४ च्या सीझनपासून बायकांच्या आइस हॉकीला वर्सिटीचा दर्जा द्या.

जिंकल्या ना? इथेच तर गंमत आहे. गंमत कसली म्हणा.

१९९२-९३ हा सीझन त्या टीमने क्लब म्हणूनच खेळून संपवला. हातात जिंकलेला खटला, आणि दर्जा अजून तोच. कॉलेज अपिलात गेलं. एप्रिल १९९३ मध्ये अपील कोर्टाने निकाल रद्द केला. मुलींचं म्हणणं चूक आहे, असं कोर्ट म्हणालं नाही. कोर्ट म्हणालं की आता प्रश्नच उरलेला नाही. दावा करणाऱ्यांपैकी काही आधीच पदवी घेऊन गेल्या होत्या आणि उरलेल्या मे १९९३ मध्ये बाहेर पडणार होत्या. आदेश लागू होणार १९९३-९४ पासून, म्हणजे वादींपैकी एकीलाही त्याचा उपयोग नाही. दावा त्यांनी स्वतःपुरता केला होता, सगळ्या मुलींच्या वतीने नव्हे. सबब खटला संपला. इंग्रजीत ह्याला 'मूट' म्हणतात.

कायद्याच्या चौकटीत हे बरोबरच असेल. मी वकील नाही. पण मला त्यातला हिशेब दिसतो. कॉलेजची पदवी चार वर्षांची, खटला तीन वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुलीने दावा ठोकला तरच तिला शेवटचा एखादा सीझन मिळण्याची आशा. आणि पहिल्या आठवड्यात कुणाला माहीत असतं की आपण डावलले जातोय? आपल्यापैकी जे ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. फाइल जिवंत राहते, आणि मधल्या काळात मुलगी २१ वर्षांची होऊन फाइलीतून गळते.

मग १९९३ मध्येच दुसऱ्या मुलींनी नवा दावा लावला, आणि ह्या वेळी शहाणपणाने सगळ्या खेळाडूंच्या वतीने. आता एक बॅच गेली तरी दावा जाणार नव्हता. हा खटलाही रेंगाळला. शेवटी जानेवारी १९९७ मध्ये तडजोड झाली आणि १९९७-९८ च्या सीझनपासून कोलगेटच्या बायकांची आइस हॉकी वर्सिटी झाली. पहिल्या अर्जानंतर १८ वर्षांनी. त्याच सीझनमध्ये, फेब्रुवारी १९९८ मध्ये, नागानोला बायकांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळली गेली आणि अमेरिकेने कॅनडाला ३-१ हरवून सुवर्णपदक घेतलं. कॉलेजांची अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली. कोलगेटने कोर्टात दिलेली कारणं अशी एकेक करून आपोआप गळून पडली.

पुढचं थोडक्यात. मार्च २०१८ मध्ये कोलगेटच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला विस्कॉन्सिनशी भिडल्या आणि दोन ओव्हरटाइमनंतर ४-३ अशा जिंकल्या. (१९९० चा हिशेब कुणीतरी फेडला म्हणायचा!) फायनलला त्या क्लार्कसनकडून ओव्हरटाइममध्ये २-१ हरल्या. क्लार्कसनही आमच्याच राज्यातलं, आणि इंजिनिअरिंगसाठी नावाजलेलं, त्यामुळे मला फार वाईट वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात लेकीला घेऊन हॅमिल्टनला मॅच बघायला गेले. जुनी रिंक जाऊन २०१६ मध्ये नवीन झालीय. पुरुष आणि बायका दोघांचेही सामने तिथेच होतात. लेक पूर्ण वेळ काचेला नाक लावून उभी होती. ज्या पाच जणींनी दावा केला त्यांतल्या एकीलाही कोलगेटच्या वर्सिटी टीमकडून खेळायला मिळालं नाही, हे मी तिला सांगितलं नाही. सात वर्षांच्या मुलीला काय सांगणार.

निघताना बाहेर पाटी वाचली. रिंकचं नाव आहे 'क्लास ऑफ १९६५ अरीना'. लेकीने विचारलं, "आई, ह्या क्लासमधल्या मुली पण इथे खेळायच्या का गं?" म्हटलं, त्या वर्गात मुलीच नव्हत्या. तिला ते खरं वाटेना. तेवढ्यात बर्फ भुरभुरायला लागला, म्हणून तिला गाडीत बसवलं आणि रूट २० ला लागलो.