भोंगा, काळा कागद आणि चांदणे

राजूरच्या वर्गात १९७१चे युद्ध शिकवताना आम्ही दोन तारखा सांगून पुढे जात असू : ३ डिसेंबरला सुरुवात, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. पण ज्यांचे बालपण तेव्हा मुंबईत गेले, त्यांना तारखांपेक्षा भोंगा आठवतो. चढउतार करणारा आवाज म्हणजे धोका; एकसुरी, लांब आवाज म्हणजे धोका टळला. खिडक्यांना काळा कागद, मोटारीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत, त्या कशासाठी, हे मुलांना जरूर विचारा. स्फोटाच्या दाबलाटेने काच फुटायची ती फुटतेच. पट्टीमुळे तुकडे कमी उडतात, एवढेच.

कराचीहून मुंबई हवाई मार्गाने साधारण ८८० किलोमीटर, म्हणजे जेट विमानाला तासाभराचा रस्ता. भीती उगाच नव्हती. पण दिवे मालवून शहर लपते का? जुने पंचांग काढून पाहा. मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला होती! युद्धाच्या पहिल्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता, आणि चांदण्यात उजळलेल्या किनाऱ्याला काळा कागद कोण लावणार? युद्ध संपले तेव्हा अमावास्या एका दिवसावर आली होती.

मुंबईवर त्या युद्धात बाँब पडले नाहीत. तरीही कुणी म्हातारे गृहस्थ 'जपानने मुंबईवर बाँब टाकलेला मी पाहिला' असे सांगतील, तेव्हा त्यांना खोटे ठरवण्याची घाई नको. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावरील सुमारे १४०० टन स्फोटकांचा भडका उडाला. शेकडो माणसे मेली, पेटलेला कापूस आकाशातून घरांवर पडला. जपानी विमानांनी ६ एप्रिल १९४२ला विशाखापट्टणमवर आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला कलकत्त्यावर बाँब टाकलेच होते. मग आठ वर्षांच्या मुलाने आकाशातून आग पडताना पाहून दुसरे काय समजावे? मोठ्यांनाही तेच वाटले होते. आठवणीतली आग खरी, तिचे कारण चुकीचे. इतिहासाच्या तासाला ही दोन्ही वेगळी कशी करायची, हेच तर शिकवायचे असते.

अकोले तालुक्यातून कामासाठी मुंबईला गेलेली घरे पुष्कळ आहेत. मुलांना आजी-आजोबांकडे पाठवताना 'काय झाले?' एवढेच विचारायला सांगू नका. भोंगा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होता, दिवा कुणी मालवला, आणि त्या रात्री चांदणे होते का, हेही विचारून यायला सांगा.