घर बांधताय? परवानगीचे दप्तर आधी तपासा

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील ‘जिलानी’ ही तीन मजली इमारत कोसळली आणि ३५ हून अधिक रहिवाशांचा बळी गेला. जुन्या घराची डागडुजी किंवा नवे घर, दोन्हींत कायदा आणि सुरक्षितता यांची फारकत करता येत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

पहिला प्रश्न परवानगी कोणाकडे मागायची, हा. शहर हद्दीत भिवंडी-निजामपूर महापालिका, तर लगतच्या ६० अधिसूचित गावांत एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. तेथे ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला पुरेसा नसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ नुसार बांधकामापूर्वी अर्ज करावा लागतो. रंग, गिलावा, फरशी अशा अंतर्गत दुरुस्तीस परवानगी लागत नाही. मजला चढविण्यास किंवा बाहेरच्या बाजूने खोली वाढविण्यास ती लागते. मंजुरी एक वर्षापुरती असल्याने मुदतीत काम सुरू न झाल्यास नूतनीकरण करून घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र अवश्य मिळवावे.

घरपट्टीची पावती हा अधिकृततेचा पुरावा नव्हे. अनधिकृत बांधकामालाही कर आकारला जातो. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमानुसार बंधनकारक आहे. त्यामुळे ठेकेदार खांब किंवा तुळईला हात लावण्याआधी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. त्याचे शुल्क खर्चाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावे.