सत्तावन्नचा दारूगोळा आणि तांब्याची टोपी

अठराशे सत्तावन्नच्या उठावाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात दोन शब्द हटकून भेटतात. विजयाच्या वर्णनात शौर्य आणि पराजयाच्या वर्णनात फितुरी. हे दोन्ही शब्द खोटे नाहीत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा शब्द उभा आहे व त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे टंचाई. तलवारीला धार लावली की ती पुन्हा लढायला सिद्ध होते. बंदुकीचे तसे नाही. ती प्रत्येक बाराला काहीतरी मागते, आणि जे मागते ते कोठून आणायचे, या प्रश्नावर त्या संग्रामाचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून होते.

मराठेशाहीतील बरकंदाजाला हा प्रश्न इतका जाचक नव्हता. त्याची बंदूक तोडेदार. दारू, शिशाची गोळी आणि जळती जामगी एवढ्यावर तिचे काम भागे. दारूसाठी सोरा, गंधक आणि कोळसा लागे. कोळसा गावोगाव मिळे. सोऱ्याच्या बाबतीत हिंदुस्थान, विशेषतः बिहार प्रांत, इतका संपन्न होता की युरोपातील लढायाही येथल्या सोऱ्यावर लढल्या गेल्या. म्हणूनच प्लासीनंतर लवकरच, १७५८ मध्ये, कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता आपल्या हाती घेतला. गंधक मात्र बहुधा बाहेरून येई. तरीही दारू कुटणे, गोळ्या ओतणे, कागदाच्या नळीत दोन्ही भरून काडतूस वळणे ही कामे वाड्याच्या चौकात किंवा किल्ल्याच्या कोठारात बसून करता येत. ज्याच्याजवळ कारागीर होते, त्याची बंदूक अगदीच उपाशी राहत नसे.

एकोणिसाव्या शतकाने ही स्थिती पालटली. १८०० मध्ये हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने पाऱ्यापासून बनणाऱ्या, आघाताने पेट घेणाऱ्या स्फोटक क्षाराची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली, आणि १८०७ मध्ये फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने अशा द्रव्याने बार काढण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची एक चिमुकली टोपी निर्माण झाली. बंदुकीच्या कानावर ती बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. जळती जामगी नको, चकमक नको, पावसाची भीतीही पुष्कळ कमी. १८४० नंतर कंपनीच्या पलटणींत या टोपीच्या बंदुका हळूहळू रूढ झाल्या. शिपायाचे काम सोपे झाले; परंतु त्याच वेळी तो एका अशा वस्तूशी बांधला गेला, जी त्याच्या गावचा कोणताही लोहार वा दारूवाला बनवू शकत नव्हता. टोपीकरांची टोपी ती हीच.

उठावाची ठिणगी नव्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाच्या चरबी लावलेल्या वेष्टणावरून पडली, हे सर्वांना ठाऊक आहे. ते काडतूस शिपायांनी नाकारले आणि बहुतेकांनी जुन्या गुळगुळीत नळीच्या टोपीच्या बंदुकांनीच लढा दिला. जी वस्तू त्यांनी नाकारली तिच्यावाचून त्यांचे चालले. जी नाकारण्याचे कारणच नव्हते ती टोपी मात्र संपत चालली. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतील कोठार लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या मूठभर साथीदारांनी स्वतःच्या हाताने उडवून दिले. तरीही पुष्कळ तोफा व सामग्री शिपायांच्या हाती लागली. परंतु नवी भर घालणारे कारखाने हाती नव्हते. पावसाळा सरत आला तसा गंधकाचा आणि टोप्यांचा तुटवडा जाणवू लागला. टोपीवाचून अडलेल्या शिपायांनी पुढे अनेक ठिकाणी आपल्या बंदुका पुन्हा तोडेदार करून घेतल्या. तारायंत्राच्या तारा तोडून त्यांच्या तुकड्यांचे छरे केले गेले. यंत्रयुगातले शस्त्र हाती असूनही पन्नास वर्षे मागे जावे लागणे, यासारखी दुसरी विटंबना नाही.

अशा टंचाईत दारू घाईघाईने, शहराच्या दाट वस्तीत बनवावी लागते. ७ ऑगस्ट १८५७ रोजी दिल्लीत बेगम समरूच्या हवेलीतील दारूच्या कारखान्याचा स्फोट झाला आणि शेकडो कामगार ठार झाले. संतप्त शिपायांनी बादशहाचा वैद्य हकीम अहसनुल्ला खान याच्यावर फितुरीचा आरोप ठेवून त्याचे घर लुटले. त्याचे अंतःकरण इंग्रजांकडे नव्हते असे म्हणता येत नाही. परंतु कोरडी दारू, गर्दी आणि घाई जेथे एकत्र येतात, तेथे स्फोटाला फितुराची गरज असतेच असे नाही.

झाशीची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची, कारण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी तो वेढा आतून पाहिला आणि 'माझा प्रवास' मध्ये लिहून ठेवला. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजचे सैन्य येण्यापूर्वीच राणीने तोफा ओतण्याची व दारू करण्याची व्यवस्था केली होती. तटावर स्त्रिया दारूगोळा वाहून नेताना शत्रूनेही पाहिल्या. इंग्रजांचा गोळा दारूच्या कारखान्यात पडून स्फोट झाला व काम करणारी माणसे दगावली, तरी लढाई थांबली नाही. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. लोककथेने त्याचे खापर दुल्हाजूच्या फितुरीवर फोडले. कारखान्यात राबता राबता मेलेल्यांची नावे मात्र कोणत्याही पोवाड्यात आली नाहीत. मे महिन्यात काल्पी पडली तेव्हा तेथील किल्ल्यात भुयारी दारूखाना आणि तोफा ओतण्याचे चालू कारखाने इंग्रजांना आढळले. तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांना टंचाईचे मर्म कळले होते, याचा याहून वेगळा पुरावा नको.

अर्थात टंचाई हेच पराभवाचे एकमेव कारण मानणेही तितकेच एकांगी ठरेल. १ जून १८५८ रोजी ग्वाल्हेर हाती आले तेव्हा शिंद्यांचा खजिना व तोफखाना दोन्ही मिळाले. तेथे सामग्री उणी नव्हती. उणी होती ती सवड आणि एकवाक्यता. तीन आठवड्यांच्या आत राणी धारातीर्थी पडली आणि २० जूनला किल्लाही गेला.

टंचाई इंग्रजांनाही होती. दिल्लीसमोरच्या टेकडीवर चोवीस पौंडी तोफांचे गोळे अपुरे पडले, तेव्हा शिपायांनी टाकलेले गोळे वेचून आणणाऱ्या बुणग्यांना पैसे देऊन तेच गोळे परत शहरावर डागले गेले. परंतु त्यांच्या पाठीशी फिरोजपूरचे शस्त्रागार होते, आणि तेथून सप्टेंबरच्या आरंभी वेढ्याच्या मोठ्या तोफा येऊन पोहोचल्या. गोळा वेचून पुन्हा डागता येतो. फुटलेली टोपी पुन्हा वापरता येत नाही. दोन बाजूंमधले अंतर नेमके एवढेच होते, आणि एवढे पुरेसे होते.

राज्यकर्ते हे विसरले नाहीत. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत टोप्यांचा नावानिशी उल्लेख आहे; शिसे, गंधक व सोरा यांवरही नियंत्रणाची तरतूद आहे. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये काडतुसांचा कारखाना निघाला, तो सरकारचा. ज्या वस्तू एके काळी वाड्याच्या चौकात तयार होत, त्या आता परवान्याच्या झाल्या. शौर्याला कायद्याने बंदी घालता येत नाही, हे इंग्रज जाणून होते. म्हणून त्यांनी बंदी घातली ती त्याच्या सामग्रीवर.

फितुरीचा शोध घेणे मनाला सोपे जाते, कारण त्यात दोष एका माणसावर ढकलून मोकळे होता येते. टंचाईचा शोध घ्यायचा तर कारखाने, कारागीर, विद्या आणि व्यापार यांचा हिशेब मांडावा लागतो, आणि त्या हिशेबात दोष सर्व समाजाच्या खाती पडतो. सत्तावन्नच्या वीरांना न्याय द्यावयाचा असेल तर हा हिशेब टाळता येणार नाही. ते धैर्यात कमी पडले नाहीत. बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या टोपीमागे जी विद्या उभी होती, ती त्यांच्या समाजाने मिळवलेली नव्हती.