स्वाक्षरीसंग्रह, अमेरिकी राजकीय नेत्यांचा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे प्रतिनिधी, मंत्री आणि काँग्रेसचे सदस्य यांच्या हातच्या सह्या, पत्रे व सहीनिशी निघालेले सरकारी कागद मिळवून जतन करण्याचा छंद. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो अमेरिकेत रुजला. सुट्या सहीला सर्वांत कमी मान. चिटणिसाने लिहिलेल्या मजकुराखालची सही त्याहून वरची, आणि नेत्याने सर्वस्वी स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र सर्वश्रेष्ठ. त्यातही पत्रात काय म्हटले आहे यावर मोल ठरते. निमंत्रणाला दिलेला नकार आणि युद्धाविषयी मांडलेले मत यांना एका तागडीत कोणी तोलत नाही.

या छंदाच्या आद्य पुरुषांपैकी एक म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचे धर्मोपदेशक विल्यम ब्यूएल स्प्रेग (१७९५–१८७६). तरुणपणी ते व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी मुलांना शिकवायला होते. वॉशिंग्टन यांचे दप्तर तेव्हा त्यांचे पुतणे न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन यांच्या ताब्यात होते. नक्कल करून ठेवावी आणि मूळ पत्र न्यावे, एवढ्याच अटीवर त्यांनी स्प्रेग यांना मुभा दिली आणि सुमारे दीड हजार पत्रे दप्तरातून बाहेर पडली. आजच्या अभिलेखपालाला हे ऐकवणार नाही; पण राष्ट्राध्यक्षांचे कागद त्या काळी घराण्याची खासगी मालमत्ता समजले जात. ही समजूत कायद्याने मोडली ती थेट १९७८ मध्ये, आणि जानेवारी १९८१ पासूनच्या कारभाराचे कागद सरकारी मालकीचे ठरले.

जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या छप्पन्न जणांचा पूर्ण संच जमवणे, हे या छंदातले सर्वांत मानाचे उद्दिष्ट. तो प्रथम पुरा करण्याचा मानही स्प्रेग यांनाच दिला जातो. संच अडतो तो फ्रँकलिन किंवा जेफरसन यांच्यापाशी नव्हे. त्यांनी उदंड लिहिले. अडतो तो जॉर्जियाच्या बटन ग्विनेट यांच्यापाशी. सही केल्यावर वर्षाच्या आतच, मे १७७७ मध्ये, लॅक्लन मॅकिंटॉश यांच्याशी झालेल्या पिस्तुलांच्या द्वंद्वात ते जखमी झाले आणि वारले. त्यांच्या सुमारे पन्नासच सह्या ज्ञात आहेत. त्यांतली एक २०१० मध्ये ७,२२,५०० डॉलरना विकली गेली. दक्षिण कॅरोलायनाचे थॉमस लिंच (धाकटे) १७७९ मध्ये पत्नीसह जहाजाने निघाले, ते जहाज कुठेच पोहोचले नाही. त्यांच्या उरलेल्या बऱ्याचशा सह्या त्यांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तकांवरून कापून काढलेल्या आहेत.

कात्री हा या छंदाचा खरा कलंक होय. एकोणिसाव्या शतकात स्वाक्षरीवहीत चिकटवण्यासाठी पत्राच्या तळाची पट्टी कापून घेत आणि उरलेले पत्र टाकून देत. जी पत्रे इतिहासाला हवी होती, त्यांचे मजकूर असे कायमचे गेले. उलट बाजूही तितकीच खरी आहे : अनेक कागद केवळ खाली नामांकित माणसाची सही होती म्हणूनच चुलीत जाण्यापासून वाचले.

सही पारखताना पदाच्या कामकाजाची माहिती लागते. जमिनीच्या सनदांवर पूर्वी राष्ट्राध्यक्ष स्वतः सही करीत. सनदांचा ढीग वाढत गेल्याने १८३३ मध्ये काँग्रेसने त्यांच्या नावाने सही करणारा चिटणीस नेमण्यास मंजुरी दिली. त्यामुळे पुढच्या काळातील सनदेवर लिंकन यांचे नाव दिसले तरी अक्षर चिटणिसाचे असते. लिंकन स्वतः पत्रांखाली ‘ए. लिंकन’ एवढेच लिहीत, पूर्ण नाव सरकारी दस्तऐवजांसाठी राखून ठेवीत. गुलाममुक्तीच्या घोषणेच्या ४८ छापील प्रतींवर त्यांनी सही केली. फिलाडेल्फियात जून १८६४ मध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या जत्रेत त्या दहा डॉलरना एक अशा विकायला ठेवल्या होत्या. पदावरील सह्यांत सर्वांत दुर्मीळ विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या. ४ मार्च १८४१ रोजी शपथ घेऊन महिन्याभरात ते वारले.

बनावटीचा धंदा छंदाइतकाच जुना आहे. फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग जुन्या कागदावर वॉशिंग्टन यांच्या सहीचे परवाने व धनादेश लिहून विकत असे. विसाव्या शतकात जोसेफ कोझी याने लिंकन आणि फ्रँकलिन यांच्या हस्ताक्षराची हुबेहूब नक्कल केली. पुढे खुद्द नेत्यांच्या कार्यालयांनीच संग्राहकांना कोड्यात टाकले. जॉन केनेडी यांच्या वतीने चिटणीस मंडळी सह्या करीत. शिवाय ऑटोपेन हे सही उमटवणारे यंत्रही होते. त्याचे नमुने ओळखून काढण्याचे मोलाचे काम न्यूयॉर्कचे व्यापारी चार्ल्स हॅमिल्टन यांनी केले आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मे २०११ मध्ये बराक ओबामा फ्रान्समध्ये असताना त्यांच्या संमतीने एका विधेयकावर वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेनने सही झाली. कायद्याला ती पुरली, संग्राहकाला पुरत नाही.

यंत्राची सही ओळखण्याची जुनी रीत अजूनही कामास येते : एकाच मापाच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरतात. माणसाचा हात तीच सही दुसऱ्यांदा तंतोतंत तशी काढत नाही. रेघन्‌रेघ जुळली, की तो कागद संग्रहातून बाद होतो.