संगणककला : आरंभकाळ

संगणकाच्या किंवा त्याच्या आधीच्या गणनयंत्रांच्या मदतीने चित्रे, रेखाटने, चलच्चित्रे इ. निर्माण करण्याची कला. या नोंदीत साधारणपणे १९५० ते १९७१ या काळाचा विचार केला आहे. त्या काळी संगणक खोलीभर जागा व्यापत असे. तो मोठ्या कंपन्यांकडे, विद्यापीठांत नाहीतर लष्कराकडे असे आणि त्याचा वेळ तासातासाने मोजून दिला जाई. चित्रकारांचा तिथे शिरकाव नव्हता. साहजिकच या कलेचे पहिले मानकरी गणिती आणि अभियंते निघाले, आणि त्यांना कलावंत म्हणावे की नाही हा वाद कलेच्या जन्माबरोबरच जन्मला.

अंकीय संगणकाच्या आधी अनुरूप (अ‍ॅनालॉग) यंत्रांवर प्रयोग झाले. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या चेरोकी गावचे बेन लापोस्की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विद्युत्लहरींची गुंफण करून उमटलेल्या आकृतींची छायाचित्रे घेत. १९५३ मध्ये गावच्याच सॅनफर्ड संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. व्हिएन्नात हर्बर्ट फ्रांके यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास असेच काम केले. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली यंत्रेही कामी आली. जॉन व्हिटनी यांनी विमानविरोधी तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रापासून सचेतपटाचे साधन बनवले. त्यावरच्या करामतींचा ‘कॅटलॉग’ हा लघुपट १९६१ चा. मँचेस्टरमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे डेझमंड पॉल हेन्री बाँबफेकीसाठीच्या गणकातून रेखाटने काढत. ‘कॉम्प्युटर्स अँड ऑटोमेशन’ या अमेरिकी मासिकाने १९६३ मध्ये संगणकचित्रांची स्पर्धा घेतली, तिचे पहिले बक्षीसही लष्कराच्या क्षेपणशास्त्र प्रयोगशाळेला गेले. बक्षीस संस्थेला मिळाले, माणसाला नाही. एका परीने हे त्या काळाचे नेमके चित्र आहे.

१९६५ हे निर्णायक वर्ष. फेब्रुवारीत जर्मनीतील श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठात गेओर्ग नेस यांची रेखाटने मांडली गेली. नेस एर्लांगेन येथे सीमेन्स कंपनीत गणिती होते. अल्गोल भाषेत लिहिलेली त्यांची आज्ञावली संगणक छिद्रपट्टीवर उतरवी आणि त्या पट्टीबरहुकूम ‘ग्राफोमाट झेड-६४’ हे आरेखनयंत्र कागदावर पेन फिरवी. कोनराड त्सूझे यांच्या कंपनीने ते मुळात भूमापनासारख्या कामांसाठी बनवले होते. प्रदर्शनामागची प्रेरणा तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांची. सौंदर्य मोजता येते, म्हणून ते नियमांनी घडवताही येते, हा त्यांचा सिद्धांत. जमलेले चित्रकार मात्र बिथरले. माझ्या हाताचा फटकारा हे यंत्र मारू शकेल का, असे एकाने विचारले; तुम्ही तो कसा मारता हे सांगितलेत तर जमेल, असे नेस यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. वातावरण निवळावे म्हणून बेन्झे यांनी ही ‘कृत्रिम कला’ आहे अशी तोड काढली. ती फारशी पटणारी नाही, कारण कृत्रिम नसलेली कला दाखवणे कठीण.

नेस यांची पद्धत समजून घ्यायला ‘शॉटर’ (खडी) हे १९६८ च्या सुमाराचे चित्र पुरेसे आहे. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या आहेत. खाली येताना प्रत्येक चौकोन थोडा सरकतो, थोडा कलतो. किती, ते यादृच्छिक अंक ठरवतात. पण त्या अंकांना दिलेली मोकळीक ओळीगणिक वाढत जाते, ती नेस यांनी ठरवलेली. तीच आज्ञावली वेगळ्या अंकांनी चालवली तर वेगळा कागद हाती येतो, म्हणून भिंतीवर टांगलेले चित्र हा केवळ एक नमुना. खरी कलाकृती आज्ञावली आहे, असे मानल्याशिवाय या काळातल्या कामाचा उलगडा होत नाही.

एप्रिल १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकेल नोल आणि बेला यूलेस यांचे प्रदर्शन झाले. दोघेही न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत संशोधक. १९६२ मध्ये एका सहकाऱ्याची आज्ञावली चुकली आणि आलेखाऐवजी रेषांचे जंजाळ उमटले. ते पाहून नोल मुद्दाम तसली चित्रे करू लागले. त्यांनी चित्रकार मोंद्रियान यांच्या १९१७ मधील एका रेषाचित्राच्या धर्तीवर संगणकाकडून एक चित्र काढून घेतले आणि दोन्हींच्या प्रती १०० जणांना दाखवल्या. ५९ जणांना संगणकाचे चित्र अधिक आवडले. संगणकाचे कोणते हे फक्त २८ जणांना ओळखता आले. या प्रयोगाचा आजही मोठा गवगवा होतो. मात्र पाहणाऱ्यांच्या हाती छायाप्रती होत्या, कॅनव्हास आणि रंगाचा थर नव्हे, हे सहसा सांगितले जात नाही. नोल यांना आपल्या एका चित्राचा स्वामित्वहक्क नोंदवतानाही अडचण आली. यंत्राने केलेल्या गोष्टीची नोंद कशी करायची, असा अमेरिकी कार्यालयाचा सवाल होता. आज्ञावली माणसाने लिहिली आहे, हे पटवून दिल्यावर नोंद झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये श्टुटगार्टच्या वेंडेलिन नीडलिश यांच्या दालनात नेस यांच्यासोबत फ्रीडर नाके यांची चित्रे लागली. पुढे प्रसार वेगाने झाला. लंडनमध्ये यासिया रायखार्ट यांनी ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ (१९६८) हे गाजलेले प्रदर्शन भरवले, झाग्रेबच्या ‘नव्या प्रवृत्ती’ चळवळीने संगणकाचा विषय हाती घेतला आणि जपानमध्ये ‘कॉम्प्युटर टेक्निक ग्रुप’ कामाला लागला.

या सुमारास शिक्षणाने चित्रकार असलेली माणसेही संगणकाकडे वळली. हंगेरीत जन्मलेल्या, पॅरिसला स्थायिक झालेल्या वेरा मोलनार त्यांत महत्त्वाच्या. संगणक हाती येण्याआधी जवळजवळ दशकभर त्या ‘काल्पनिक यंत्र’ मानून, स्वतःला नियम घालून हातानेच चित्रमालिका काढत होत्या. १९६८ मध्ये खरा संगणक मिळाला. मुंबईत अकबर पदमसी यांनी ‘सिझिजी’ हा अमूर्त सचेतपट १९७० च्या आसपास केला, तोही संगणकाशिवाय, ठरवून दिलेल्या अंकनियमांतून रेषा वाढवत. संगणककलेच्या इतिहासात त्याला जागा द्यायची तर ती मोलनार यांच्या काल्पनिक यंत्राशेजारी द्यावी लागेल. मानफ्रेट मोर यांचे संगणकचित्रांचे एकल प्रदर्शन पॅरिसच्या नगरपालिकेच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७१ मध्ये झाले.

त्याच १९७१ मध्ये नाके यांनी लंडनच्या कॉम्प्युटर आर्ट्स सोसायटीच्या ‘पेज’ या पत्रकात, संगणककला असूच नये, असे लिहून सहकाऱ्यांना धक्का दिला. संगणकाने कलाबाजारासाठी आणखी एक फॅशन पुरवण्यात अर्थ नाही, हा त्यांचा मुद्दा डाव्या राजकीय विचारातून आलेला होता. पुढे ते ब्रेमेन विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या सोसायटीचा संग्रह आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असून फ्रांके यांनी जमवलेली चित्रे ब्रेमेनच्या कुन्स्टहाले संग्रहालयात आहेत.