तीस गाणी आणि एक बेवारस कबर

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय आपल्याकडे बराच झाला. त्यांच्या गाण्याचा तितकासा झाला नाही. वास्तविक ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांचा इतिहास प्रथम गळ्यातूनच आला. टेक्सासचा ब्लाइंड विली जॉन्सन हा त्या इतिहासाचा साक्षीदार होय.

त्याचा जन्म १८९७ चा. लहानपणीच दृष्टी गेली. रस्त्याच्या कडेला गिटारवर भक्तिगीते गाणे हीच उपजीविका. ३ डिसेंबर १९२७ रोजी कोलंबिया कंपनीने डॅलस येथे त्याची सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढे न्यू ऑर्लिन्स व अटलांटा धरून १९३० पर्यंत एकूण तीस गाणी झाली. मग मंदीने धंदा बुडवला आणि त्याचे ध्वनिमुद्रण कायमचे थांबले.

या तबकड्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी राखलेल्या वेगळ्या मालिकेत निघत. पाणवठा वेगळा, तशी तबकडीही वेगळी! पैसा मात्र एकाच गल्ल्यात पडत होता.

भक्तिगीत म्हणजे शरणागती, असे कोणी म्हणेल. पण पहिल्याच दिवशी जॉन्सनने सॅमसनचे गाणे गायिले. शत्रूंनी डोळे काढलेला सॅमसन मंदिराचे खांबच पाडतो, ही बायबलातील कथा. गुलामांच्या नातवंडांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. त्याच दिवशी त्याने आणखी एक गीत मुद्रित केले. त्यात शब्दच नाहीत. केवळ हुंकार आणि तारेवर सरकणारा आर्त स्वर.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर मानवजातीची ओळख म्हणून सोनेरी तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर हा हुंकार आहे. गोव्याच्या कलावंत समाजातील केसरबाई केरकर यांची भैरवीही तिच्यावर आहे. ज्यांची माणसे गावकुसाबाहेर ठेवली अथवा हिणवली गेली, त्यांचेच स्वर साऱ्या पृथ्वीच्या वतीने बोलत आहेत.

पण एवढ्याने भारावून जाण्याचे कारण नाही. १९४५ साली ब्यूमाँट येथे जॉन्सनचे घर जळाले. जळक्या घरातच तो राहिला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात हिवतापाने मेला. रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले नाही, असे त्याच्या पत्नीने पुढे सांगितले. दफनभूमी ठाऊक आहे. कबरीची नेमकी जागा कोणालाच ठाऊक नाही.

कलेचा गौरव करणारी व्यवस्था कलावंताला खाट नाकारू शकते. म्हणून गौरव मोजताना खाटही मोजली पाहिजे.