तबकडीतला राम

आमच्या ताडकळसात दिवाळीच्या फराळाबरोबर एक वाद ठरलेला असतो. सोयाबीन आडतीवर गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी उरकत आलेली असते, आणि नोकरीधंद्यासाठी पांगलेली मुले पूर्णा स्टेशनावर उतरून एकेक करीत घरी पोचतात. अलीकडे वादाचा विषय एकच. तो जपानी रामायणाचा चित्रपट घरी ठेवण्याजोगा पुन्हा केव्हा मिळणार, आणि मिळाला तर कोणाच्या आवाजात? तिशी ओलांडलेली, पोराबाळांची झालेली माणसे रावणाच्या आवाजावरून हमरीतुमरीवर येतात, याचे मला आधी हसू येई. पुढे आमच्याच घरातले एक प्रकरण आठवले आणि हसू ओसरले. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

चित्रांतून रामकथा सांगणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथली चित्रकथी मंडळी एकोणिसाव्या शतकात कागदावर रंगवलेली चित्रे घेऊन गावोगाव हिंडत. मोठाल्या डोळ्यांची, एका अंगाने दिसणारी माणसे, लाल-पिवळे ठसठशीत रंग. एकेक चित्र पुढे धरायचे, गात गात त्याची कथा सांगायची, की दुसरे चित्र. एका कथेच्या चित्रांच्या जुडग्याला ‘पोथी’ म्हणत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात यांतली चित्रे पाहायला मिळतात, आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी ही कला आजही जिवंत ठेवली आहे. मला या चित्रांपुढे उभे राहिले की वाटते, यांत उणीव फक्त हालचालीची. आवाज तर कथेकऱ्याचा होताच.

ती हालचाल आणली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. १९१७ च्या त्यांच्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके हे एकच गृहस्थ राम आणि सीता दोन्ही झाले होते! पण दादासाहेबांचा आणखी एक उद्योग लोकांना कमी ठाऊक असतो. साध्या आगकाड्या एकेक तसू हलवून आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची एकेक चौकट टिपून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. निर्जीव वस्तू पडद्यावर नाचवण्याचा आपल्याकडचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक. तो आज पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म पेट घेणाऱ्या द्रव्याची. पुष्कळ चित्रपट जळाले, पुष्कळ विरून गेले. जपणूक करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघाले ते १९६४ साली. एखादी चीज लोकांना आवडली म्हणून टिकतेच असे नाही, हा धडा आपण बराच उशिरा शिकलो.

पुढे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा विभाग सुरू झाला. शिकवायला आले क्लेअर वीक्स. हे डिस्ने यांच्या चित्रशाळेत काम केलेले, पण जन्म हिंदुस्थानातला. त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी तयार झाली त्यांत राम मोहन होते. १९५७ साली या विभागाचा ‘बनियन डिअर’ निघाला. आता ध्यानात ठेवायचे ते राम मोहन हे नाव.

१९८३ साली युगो साको नावाचे जपानी गृहस्थ अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले. तिथे त्यांना रामायणाचा छंद लागला. परत गेल्यावर त्यांनी जपानी भाषेत मिळतील तितकी रामायणे वाचून काढली आणि ठरवले, हे चित्रांतूनच दाखवायचे; देवाचे काम माणसाने करण्यापेक्षा रेषेने केलेले बरे. इथे मात्र गडबड झाली. परदेशी माणूस रामाचे ‘कार्टून’ करतो आहे, या बातमीवर विरोधाचे पत्र जपानी वकिलातीत गेले. कार्टून म्हणजे टवाळी, असा आपला समज! साकोंनी पुष्कळ समजूत घातली, पण चित्रपट अखेर जपानात घडला. दिग्दर्शनात साको व कोइची सासाकी यांच्या जोडीला आपले राम मोहन होते. पोशाख कसा, नमस्कार कसा, धनुष्याला हात कसा लावायचा, हे सगळे भारतीय डोळ्यांनी पारखून घेतले गेले. संगीत वनराज भाटियांचे.

या कामाचा आवाका पाहा. चित्रपट १३५ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकूण १,९४,४०० चौकटी. दोन चौकटींना एक चित्र धरले तरी लाखाच्या घरात चित्रे होतात, आणि खरोखरच सुमारे एक लाख चित्रे हाताने काढली गेली. आमच्या गल्लीत गणपतीचा एक पडदा रंगवायला तीन पोरे आठवडा घेतात.

चित्रपट तयार झाला तो १९९२ साली. त्या डिसेंबरात अयोध्येत काय घडले आणि मुंबईत त्यामागोमाग काय झाले, ते सांगायला नको. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला खरा, पण गावोगावच्या चित्रगृहांतून तो धूमधडाक्याने लागलाच नाही. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविलांचा, रावणाचा अमरीश पुरींचा, निवेदन शत्रुघ्न सिन्हांचे. एवढा सरंजाम, आणि पंगत मोकळी!

लोकांनी तो पाहिला तो घरी. आधी व्हिडिओची कॅसेट, मग कार्टून नेटवर्क वाहिनी, मग सीडी. एका सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटे मावत, म्हणून या रामायणाच्या दोन तबकड्या. आमच्याकडे भारनियमनाचे दिवस. वीज आली की घरात एकच गलका होई, ‘लावा रे राम!’

आता ते प्रकरण. आमची दुसरी तबकडी चरे पडून बिघडली. रावण रणांगणात उतरला की चित्राचे चौकोन होत आणि आवाज अडखळे. वर्षानुवर्षे आमच्या घरी रावण मेला नाही. आईला शेवट ठाऊक होता, साऱ्या जगाला ठाऊक आहे, तरी ती दर वेळी त्या जागेपर्यंत बसून राही आणि मग “ऱ्हाऊ द्या आता” म्हणून उठे.

त्यामुळे नवी स्वच्छ केलेली प्रत २०२४ च्या १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चित्रगृहांत येणार अशी बातमी आली तेव्हा आमच्या घरात दसऱ्याआधीच दिवाळी झाली. ती तारीख पुढे गेली. अखेर २४ जानेवारी २०२५ रोजी चित्रपट लागला, हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजीत. मराठीत नाही. पंचवटी नाशकात असून रामाला मराठी बोलता येऊ नये, याची खंत मी नोंदवून ठेवतो. पुतण्याने तो परगावी जाऊन पाहिला. परत आला तो अर्धाच खूश. “काका, चित्र असं, की पानावरचं दव दिसतंय. पण आवाज दुसरेच हायेत. मला तोच रावण पाह्यजे.” हिंदी संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. नवे कलावंत वाईट होते असे तोही म्हणाला नाही. पण अमरीश पुरी २००५ च्या जानेवारीत गेले; तो आवाज पुन्हा कोणाला मुद्रित करता येणार?

वादात दुसरा पक्षही आहे. धाकटी भाची म्हणते, नव्या मुलांना नवा आवाजच आपला वाटेल, तुमचा हट्ट म्हातारपणाचा. तिचेही खरे आहे. मी मात्र पुतण्याच्या बाजूचा, आणि त्याला कारण आई. ती आता नव्वदीकडे झुकली आहे आणि तिला दिसत नाही. पानावरचे दव तिच्या काय कामाचे? तिला हवा आहे तो जुना रावण, न अडखळता, शेवटपर्यंत.

पुतण्या रोज रात्री मोबाइलवर चौकशी करतो. नवे चित्र आणि जुने आवाज एकाच तबकडीत देणारी प्रत आमच्या दारापर्यंत तरी अजून पोचलेली नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावताना आईने विचारले, “ती सीडी आली का रं?” मी म्हणालो, “नाही अजून, आई.” ती म्हणाली, “यील. मशिन तेवढी पुसून ठेव.”

मी कपाटावरचे यंत्र खाली काढले आहे. वीज आहे तोवर ते चालते का, ते पाहतो.